चावा, गिळा, जीभ वर करा

माझ्या नोकरीत मी किती माणसांना जीभ वर करायला लावली त्याचा हिशेब नाही. सरपंच असो, प्रोफेसर असो, शहापूरचा विणकर असो नाहीतर खानापूरकडचा शेतकरी असो, माझ्या ताब्यात आला की त्यानं तोंड उघडायचं, जीभ वर करायची आणि दोन्ही गाल आतून दाखवायचे. एका वकिलांनी मला विचारलंही, "सिस्टर, दुखतंय माझ्या छातीत आणि तुम्ही तोंडात काय शोधताय?" मी म्हटलं, "तुमचा जीव. आ करा आधी."

हा काही दातांचा दवाखाना नव्हता. बेळगावातल्या एका हॉस्पिटलात हृदयाच्या विभागात मी सिस्टर होते. अटॅक आलेला माणूस अँजिओप्लास्टीच्या टेबलावर चढायच्या आधी त्याला तयार करणं हे माझं काम. सिस्टर मला फक्त वकील म्हणायचे, बाकी सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, आक्का. आणि माझ्या पाठीमागे 'कंग्राळीची तोफ' म्हणायचे तेही मला ठाऊक होतं. तोफ तर तोफ. बेळगावजवळच्या कंग्राळीत बांधाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला हाक मारत वाढलेली मी, मला हळू बोलायला येणार कुठून?

निवृत्त झाल्यावर संपादकांचा फोन आला, दिवाळी अंकासाठी हॉस्पिटलातल्या गमतीजमती लिहा म्हणून. अहो, अटॅकात कसली आलीय गंमत! पण लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे सगळ्यात आधी काय आलं असेल तर एक पत्र्याचं डबडं. त्या डबड्यापर्यंत मी येतेच. त्याआधी धंद्याची थोडी माहिती सांगायला हवी, नाहीतर डबड्याचं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही.

बोट कापलं की थोड्या वेळानं रक्त आपोआप थांबतं. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात, ते धावत येऊन जखमेला चिकटतात आणि बूच लावतात. देवानं दिलेली केवढी मोठी सोय! पण हेच कण हृदयाच्या शिरेत कुठे चीर पडली तरी तशाच भक्तिभावानं धावतात आणि तिथंही बूच लावतात. शीर बंद, पुढचं रक्त बंद, माणसाच्या छातीवर धोंडा. हाच अटॅक. मग डॉक्टर मनगटातून नाहीतर मांडीतून एक बारीक तार थेट हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवून शीर उघडतात आणि ती पुन्हा बंद पडू नये म्हणून आत जाळीची नळी बसवतात. आपल्याकडे तिला सगळे स्प्रिंग म्हणतात. "आमच्या मामास्नी दोन स्प्रिंगा हाईत," हे लोक अशा थाटात सांगतात की जणू मामांनी दोन म्हशी घेतल्यात.

सगळं कौतुक त्या तारेचं आणि स्प्रिंगेचं होतं. पण स्प्रिंग म्हणजे शेवटी परका धातू. ती आत दिसली रे दिसली की ते प्लेटलेट पुन्हा धावणार आणि स्प्रिंगेतच बूच लावणार. म्हणून तार घालायच्या आधी, खरं तर कार्डिओग्राम बघितल्या बघितल्या, रोग्याला गोळ्या चावून खायला द्यायच्या. चावून यासाठी की चुरा झाला म्हणजे औषध लवकर रक्तात उतरतं. या गोळ्या त्या कणांना सांगतात, बाबांनो, जरा दमानं घ्या, गर्दी करू नका. एवढंच त्यांचं काम. पण ते झालं नाही तर पुढची सगळी कारागिरी पाण्यात.

मी नवी होते तेव्हा आमच्याकडे तार नव्हती आणि स्प्रिंगही नव्हती. शिरेतून एक इंजेक्शन द्यायचं, गुठळी विरघळवणारं, आणि पलंगाशेजारी उभं राहून वाट बघायची. ते देण्याआधी प्रश्न मात्र शंभर विचारावे लागत, कारण हे इंजेक्शन आतली गुठळी विरघळवतं तसं दुसरीकडे कुठे जखम असली तर तिथलंही रक्त थांबू देत नाही. ऑपरेशन झालंय का, दात काढलाय का, डोक्याला मार लागलाय का. खानापूरच्या एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, "लागलाय की. शाळंत मास्तरांनी पट्टी घातलीती." छातीत एवढी कळ असताना माणूस विनोद करतोय की खरंच सांगतोय, मला कळेना.

त्या इंजेक्शनानं मी पहिल्यांदा थक्क झाले तेव्हाचा रोगी बेळगावातल्याच शहापूरचा विणकर होता. मागावरून उठून आलेला, घामानं चिंब, बोलायलाही तयार नाही. इंजेक्शन दिलं. बराच वेळ काहीच होईना. आणि एकाएकी मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी उड्या मारायला लागली. मला वाटलं, संपलं सगळं. शेजारच्या जुन्या सिस्टरनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "भिऊ नको पोरी. वाट उघडली की घोडं असंच उधळतंय." आणि खरंच, थोड्या वेळात ठोके ताळ्यावर आले, वर चढलेली रेघ खाली उतरायला लागली. विणकरानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आक्का, छातीवर म्हस बसलीती. उठून गेली बघा." मी काहीही केलं नव्हतं. एका शिरेत थोडंसं औषध घातलं होतं, इतकंच. बाहेर जाऊन मी भिंतीला टेकून रडले. का रडले ते आज इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येणार नाही.

तेव्हापासून औषध या गोष्टीपुढे माझी मान लवते. औषध शोधणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांचे देश माहीत नाहीत. पण त्यांनी कुठेतरी काहीतरी घोटून ठेवलं आणि इकडे शहापूरच्या गल्लीतल्या माणसाच्या छातीवरची म्हैस उठली. याला काय म्हणायचं?

आणि वाईट वाटतं ते जे वेळेवर पोचलेच नाहीत त्यांचं. छातीत कळ आली की आमच्याकडे आधी गॅस ठरतो. सोडा पितात, जिऱ्याचं पाणी पितात, छातीला तेल चोळतात. त्यातून उरलाच तर शेजारधर्म असतो. शेजारच्या काकांना जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असते, ती काकू धावत आणून देतात, आणि ती गोळी सगळ्यांनाच चालत नाही, एखाद्याचं बीपी पार तळाला जातं. काकूंचा हेतू चांगलाच असतो हो. मी भांडायची त्यांच्याशी आणि नंतर वाईटही वाटायचं. उशिरा आलेल्या माणसाचं हृदय मेलेलं असतं तिथं कुठल्याही गोळीचं काही चालत नाही, आणि त्याच्या घरच्यांना ते सांगताना माझी तोफ कधीच उडली नाही.

आता डबडं.

दुपारची वेळ होती. निपाणीच्या एका लहान दवाखान्यातून आमच्या डॉक्टरांना फोन आला. मारुती आप्पा नावाचे गृहस्थ, सारा जन्म तंबाखूच्या वखारीत काम केलेले, मोठा अटॅक, कार्डिओग्राम पाठवलाय, गोळ्या चावून दिल्यात, ॲम्ब्युलन्स निघाली. निपाणीहून कोल्हापूर जवळ, तरी बेळगावला आणत होते, कारण लेक बेळगावच्या वडगावात दिलेली. आमच्या भागातल्या माणसाला राज्य कुठलं, दवाखाना कुठला यापेक्षा डबा कुठून येणार ते आधी ठरवावं लागतं.

लेक आधीच येऊन थांबली होती. संगीता तिचं नाव. पॉवरलूमवरून तशीच उठून आलेली, केसांत कापसाचा भुगा, पायात दोन वेगळ्या चपला. ॲम्ब्युलन्स दारात लागली आणि "आप्पा!" म्हणून अशी ओरडली की वॉचमन दचकला.

आप्पा पांढरे पडले होते. अंग थंड, कपाळावर घामाचे थेंब. पाठोपाठ त्यांची बायको उतरली, तानूबाई. बारीक अंगाची, हिरव्या लुगड्यातली बाई, काखेत कापडी पिशवी गच्च धरलेली. आमचे डॉक्टर बागलकोटकडचे, कन्नड घरातले, मराठी रोग्यांकडून शिकलेले. त्यांनी कार्डिओग्राम बघितला आणि म्हणाले, "आक्का, बेगा बेगा. टेबल तयार आहे." बेगा म्हणजे लवकर. ते दोनदा बेगा म्हणाले की मी समजायची, गडबड खरी आहे.

आत न्यायच्या आधी अंगावरचं सगळं काढायचं असतं. गळ्यातला ताईत काढला, करदोडा कापला, मनगटावरचा दोरा सोडला. सगळं संगीताच्या ओंजळीत देत होते, तेवढ्यात आप्पांचे ओठ हलले. वाकून ऐकलं तर म्हणतात, "डबडं."

तानूबाई पिशवीत हात घालून धावत आल्या आणि पार आतल्या दारापर्यंत पोचल्या. हातात पत्र्याचं जुनं डबडं, झाकण लावलेलं. मी दारात आडवी उभी राहिले. "आजी, चपला घालून इथं यायचं नाही. आणि हे तर मुळीच आत न्यायचं नाही."

"अवो, त्यास्नी लागतंय," तानूबाई म्हणाल्या. "थुकायला. तंबाखू खात्यात न्हवं का. डबड्याबिगार जमत न्हाय त्यांचं."

"आज काय तंबाखू खायची आहे का त्यांना?"

"न्हाय वो. पर मगाशी निपाणीत बी ह्येच धरलं म्हणून बरं झालं. न्हायतर त्या गोळ्या कुठं थुकणार हुते?"

मी म्हटलं, "कुठल्या गोळ्या?"

"त्या चावायला दिल्या त्याच की. चावल्या आणि थुकल्या ह्यात."

मी तिच्या हातातून डबडं ओढून घेतलं आणि झाकण उघडलं. तळाला तंबाखूचा जुना काळा थर आणि त्यावर ताजा, पिवळट पांढरा लगदा. सगळ्या गोळ्या त्यात होत्या. नीट, बारीक चावलेल्या.

आप्पांच्या पलंगाशी गेले. "आप्पा, गोळ्या थुंकलात तुम्ही?"

ते अर्धवट डोळे उघडून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू येडीच आहे ही बाई. म्हणाले, "चावा म्हणाल्या, चावलं की. चावल्यालं कोण गिळतंय व्हय?"

आता हसा हवं तर. मी त्या वेळी हसले नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस तंबाखू चघळतोय. रस पोटात गेला तर भोवळ येते, हे त्याला बापानं शिकवलेलं. म्हणजे जे चावायचं ते थुंकायचं आणि जे गिळायचं ते पाण्याबरोबर, हा त्याच्या तोंडाचा कायदा. निपाणीच्या सिस्टरनं तिच्या डोळ्यांनी त्यांना चावताना बघितलं, मग इंजेक्शन भरायला ती वळली. तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर मीही वळलेच असते. आणि तानूबाईनं काय केलं? नवऱ्याचं तोंड भरलं, त्यानं हात पुढे केला, तिनं डबडं धरलं. लग्न झाल्यापासून ती तेच करत आली होती.

डॉक्टर हातमोजे घालून तयार. मी डबडं तसंच त्यांच्यापुढे नेलं. "एनु आक्का?" म्हणजे काय आक्का, ते दचकून म्हणाले. मी सांगितलं. ते वाकून डबड्यात बघत राहिले. एवढा शिकलेला माणूस, त्या घाणेरड्या डबड्याला त्यांनी नाकही मुरडलं नाही.

"किती गेला पोटात?" त्यांनी विचारलं.

"काहीच गेलं नाही म्हणा. चव गेली असेल तेवढीच."

पुन्हा द्यायच्या तर दुप्पट होऊन रक्तस्राव होईल का, ही भीती होती, ती डबड्यानं मिटवली. सगळा माल समोर होता. न देता स्प्रिंग बसवली असती तर ती तिथल्या तिथं बंद पडायची भीती. ती मिटवायला एकच मार्ग, पुन्हा द्यायच्या. डॉक्टर म्हणाले, "आक्का, पोटात घाला. मी तोपर्यंत तार चालू करायची तयारी करतो. पण पोटात."

आप्पांच्या तोंडाला कोरड पडलेली, मळमळ सुरू झालेली, चावायचं त्राण नाही. आणि पुन्हा चावायला दिलं तर पुन्हा थुंकणार, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. ज्यांना नळीनं औषध द्यावं लागतं त्यांच्यासाठी आमच्याकडे एक लहान खलबत्ता असतो. त्यात गोळ्या घातल्या, घोटून पीठ केलं, घोटभर पाण्यात मिसळलं. पिवळसर, गढूळ पाणी झालं. कप तोंडाला लावला तर आप्पांनी ओठ गच्च मिटले आणि मान फिरवली.

"कडू हाय," दात न उघडता म्हणाले.

दुसरा कुणी असता तर मी अशी खेकसले असते की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो आवाज घशातच राहिला. घाबरलेला माणूस होता तो. सगळं अंग परक्यांच्या हातात दिलेलं, ओठ तेवढे त्याचे उरलेले. मी वाकले आणि माझ्या आयुष्यात बोलले नसेन इतकं हळू बोलले.

"आप्पा, तीर्थ हाय ह्ये. तीर्थ कुणी थुकतंय का?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, त्या कपाकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगते, उजवा हात आपोआप वर आला, द्रोणासारखा वाकलेला. हातावर कसलं देणार, सांडलं असतं. मी कप ओठांना लावला. आप्पांनी एका घोटात सगळं घेतलं आणि गिळलं. गळ्याची घाटी वरखाली झालेली मी बघितली. मग तोच रिकामा हात त्यांनी डोक्यावरून मागं फिरवला, देवळात फिरवतो तसा. कप विसळून ते पाणीही दिलं, तेही घेतलं आणि पुन्हा हात डोक्यावरून.

मी खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

"आता आ करा. जीभ वर करा." गालात बोट घालून बघितलं. काही राहिलं नव्हतं. तो माझा पहिला रोगी, ज्याचं तोंड मी असं तपासलं.

पण आमचं नशीब कसलं सरळ! टेबलावर घेतलं आणि त्यांना उमासे यायला लागले. एक उमासा, दुसरा. उलटी झाली असती तर होतं नव्हतं सगळं बाहेर आलं असतं. मळमळीचं इंजेक्शन दिलं, मान कलती केली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून मी म्हणत राहिले, "आप्पा, तीर्थ पडू द्यायचं न्हाय. धरून ऱ्हावा." त्यांनी दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं, गळ्याच्या शिरा फुगल्या. आणि राहिलं. आत राहिलं. गोळ्यांचा अंमल चढेपर्यंत आधार म्हणून डॉक्टरांनी शिरेतून आणखी एक औषध चालू केलं आणि तार आत घातली.

पुढचं मी आयुष्यभर बघत आले आणि एकदाही सरावले नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हृदय हलत असतं. डॉक्टर शिरेत रंग सोडतात, काळ्या रेघा उमटतात आणि एक रेघ मध्येच तुटते. तिच्या पुढे काही नाही, नुसता करडा धूर. तार त्या तुटलेल्या जागेतून हळूहळू पुढे सरकते. फुगा फुगतो. मग पुन्हा रंग सोडतात आणि ती तुटलेली रेघ एकदम पुढे धावते, तिला फाटे फुटतात, पार टोकापर्यंत. आमच्या शेतात पाट फोडला की कोरड्या वाफ्यात पाणी जसं शेवटच्या सरीपर्यंत पळायचं, तसं. लहानपणी त्या पाण्यामागे मी अनवाणी पळायची. पडद्यावर ते बघताना माझे तळपाय अजून गार पडायचे.

डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली, थांबले, पुन्हा रंग सोडला. वाहतंय. आणखी थांबले, पुन्हा सोडला. वाहतंय. "आयतु," म्हणाले, म्हणजे झालं. आणि मास्कच्या वरचे त्यांचे डोळे हसले.

मी बाहेर आले. संगीता हात जोडून उभी होती, तिला म्हटलं, "वाचले तुझे आप्पा," तशी ती माझ्या गळ्यातच पडली. तानूबाई मात्र भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. कुणीतरी ते डबडं त्यांना परत आणून दिलं होतं, ते मांडीवर धरलेलं.

"आजी, उठा. चांगले आहेत."

त्यांनी वर बघितलंच नाही. "आक्का, माझ्या हातानं धरलं वो मी डबडं. माझ्या ह्या हातानं."

मी समजावलं. त्यांना कुठे माहीत होतं, आणि त्यांनीच तर आतपर्यंत आणलं म्हणून आम्हाला कळलं. माझ्याकडे होते ते सगळे शब्द वापरले. त्या मान हलवत राहिल्या. नंतर वॉर्डात बघितलं तर नवऱ्याच्या उशाशी बसायला तयार नाहीत, दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या. पाणी पाजायला लेकीला पुढे करायच्या. आपला हात लागला तर पुन्हा काही होईल, अशी धास्ती त्या बाईनं घेतली होती. नवरा वाचला, पण हिच्या छातीवरची म्हैस काही उठेना, आणि त्यावर आमच्या कपाटात औषध नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी मी आप्पांच्या पलंगाशी गेले तर त्यांनी मला थांबवलं. "आक्का, एक ईचारू? त्ये तीर्थ कुठल्या देवाचं हुतं?"

"आप्पा, गोळ्या घोटल्या होत्या मी त्यात."

"त्ये कळतंय मला, येडा न्हाय मी. पर तीर्थ म्हणून घेतलंय. नारळ बोललोय मनात. आता कुठल्या देवाम्होरं फोडू, त्ये तुमीच सांगा."

डॉक्टर फेरीवर होते, तेही थांबले. "सांगा आक्का," म्हणाले, "कुठली देव?"

मी दाराजवळच्या स्टुलाकडे बघितलं. तानूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसल्या होत्या. मला एकदम सुचलं ते मी बोलून टाकलं. "आप्पा, ते डबडं घेऊन ही माउली चपलांसकट माझ्या दारापर्यंत घुसली नसती ना, तर मला काही कळलं नसतं. स्प्रिंग बसली असती आणि बंद पडली असती. नारळ हिच्यापुढं फोडा."

"बायकूम्होरं?"

"व्हय. का? कमीपणा येतोय?"

आप्पांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, बोलले ते जरा जास्तच बोलले. तोफेचं असंच असतं, गोळा सुटल्यावर नेम आठवतो.

त्या दिवसापासून आमच्या विभागात कायदा झाला. निपाणीच्या त्या सिस्टरला मी फोन केला. ती बिचारी ऐकून रडायलाच लागली, तिला दटावलं आणि म्हटलं, आता दोघी मिळून सगळ्यांना शिकवू. चावा, गिळा, जीभ वर करा. तिनं तिच्याकडे सुरू केलं, मी माझ्याकडे. वकील असोत की सरपंच, सगळ्यांच्या गालात बोट. त्यानंतर आणखी काही जणांच्या गालात गोळ्यांचा चुरा तसाच धरलेला सापडला, म्हणजे आप्पा एकटे नव्हते.

काही आठवड्यांनी आप्पा तपासणीला आले. वाळले होते, पण चालत आले. गालफड सपाट. मी विचारलं, "सुटली?"

"सुटती कशाची! जीव मागतोय. गालात लवंग धरतोय." मग मान वळवून म्हणाले, "डबडं तेवढं वढ्यात टाकलं."

ते आत डॉक्टरांकडे गेले आणि तानूबाई माझ्याजवळ आल्या. तीच कापडी पिशवी काखेत. इकडे तिकडे बघितलं, जणू चोरी सांगायची आहे.

"आक्का, काय केलं वो तुमी! अवो, ह्येनी खरंच फोडला."

"काय?"

"नारळ! संगीच्या दारात, वडगावात. मला म्हणाले, हितं उभी ऱ्हा. मी आपली उभी. पायाशी फोडला की वो माझ्या! समदी गल्ली बघतीया, माग बंद करून बायका दारात आल्या. मी म्हटलं, अवो, मला पाप लागंल! तर म्हणत्यात, गप ऱ्हा, तू धरलंस म्हणून मी हाय." बोलता बोलता बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "त्या राच्चं झोपले बघा मी. इतक्या दिसांत पहिल्यांदा."

पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेलं खोबरं काढलं आणि स्वतःच्या हातानं एक तुकडा माझ्या तोंडात घातला. खोबरं चावत मी तशीच उभी राहिले, डोळे भरलेले, कंग्राळीची तोफ आणि तोंडातून अवाक्षर नाही.

तानूबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. मग त्यांनी माझी हनुवटी धरली.

"गिळलंस?" म्हणाल्या. "आ कर. जीभ वर कर बघू."

मी केली.